संडे स्कूल, व्हीबीएस आणि शिबिरात मुलं सुरक्षित कशी ठेवायची?

प्रश्न थोडक्यात असा. मंडळीच्या (चर्चच्या समुदायाच्या) संडे स्कूलची, म्हणजे मुलांच्या रविवारच्या बायबलवर्गाची, जबाबदारी एका ताईंकडे नव्याने आली आहे. साठ-सत्तर मुलं, पंधराएक स्वयंसेवक, त्यातले निम्मे तरुण संघातले. एप्रिलच्या शेवटी आठवडाभर व्हीबीएस (व्हेकेशन बायबल स्कूल, म्हणजे सुट्टीतला बायबलवर्ग) आणि मे महिन्यात मोठ्या मुलांचं दोन रात्रींचं निवासी शिबिर. एका आईने विचारलं, "मुलांच्या सुरक्षेसाठी तुमचे नियम काय आहेत?" नियम असे काही नव्हतेच. पाळकसाहेब (मंडळीचे धर्मगुरू) म्हणाले, "आपल्याकडे सगळे पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना ओळखतात, उगाच संशयाचं वातावरण नको." कमिटीला पोलीस पडताळणीची कल्पनाही रुचलेली नाही. सुरुवात कुठून करायची, आणि उद्या एखाद्या मुलाने काही सांगितलंच तर काय करायचं, असं ताईंनी विचारलं आहे.

ताई, आधी त्या आईला फोन करून तिचे आभार माना. नियम करायला बसाल तेव्हा तिलाही बोलवा. असे प्रश्न विचारणारे पालक मंडळीत असले की मुलांना मोठा आधार असतो.

मी बालसंरक्षणाचं प्रशिक्षण देते. शाळा आणि वसतिगृहांबरोबर बरीच वर्षं चर्चमध्येही हे काम केलं आहे, वसईच्या कॅथलिक धर्मग्रामांपासून (एकेका चर्चच्या हद्दीतले समुदाय) नगर-पुण्याकडच्या मराठी मंडळ्यांपर्यंत. "आमच्याकडे सगळे ओळखीचे आहेत" हे मला जवळजवळ सगळीकडे ऐकायला मिळतं, आणि ते खरंही असतं. पण मुलांवर अत्याचार करणारा बहुतेक वेळा ओळखीचाच असतो. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांतल्या १२ हजारांहून जास्त मुलांशी बोलून एक अहवाल काढला होता. त्यात ५३ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचं सांगितलं. मुलग्यांचं प्रमाण मुलींपेक्षा कमी नव्हतं. अत्याचार करणारे निम्मे लोक मुलांच्या ओळखीतले किंवा विश्वासाच्या जागेवरचे होते, आणि बहुतेक मुलांनी ही गोष्ट कुणालाच सांगितली नव्हती. पोक्सोखाली (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा) नोंदल्या जाणाऱ्या बलात्काराच्या गुन्ह्यांत तर ओळखीच्या आरोपींचं प्रमाण वर्षानुवर्षं ९० टक्क्यांच्या वर आहे. तेव्हा ओळख असणं हे नियम न करण्याचं कारण होऊ शकत नाही.

चर्चमध्ये हे घडतं कसं, ते जरा सविस्तर सांगते. असा माणूस सहसा मंडळीत सगळ्यांच्या उपयोगी पडणारा असतो. खुर्च्या मांडायला तो सगळ्यांच्या आधी हजर असतो. कुणाच्या आजीला दवाखान्यात नेतो, कुणाच्या बाबांची गाडी बंद पडली तर मदतीला धावतो. घरच्यांचा विश्वास बसला की मुलाकडे वळतो. ज्या घरात वडील कामासाठी बाहेरगावी असतात किंवा आई एकटी कमावते, तिथे तर त्याची मदत देवानेच पाठवल्यासारखी वाटते. मग त्या एकाच मुलाला गिटार शिकवायला थांबवून घेणं, मोबाईलचा रिचार्ज करून देणं, गेम खेळायला स्वतःचा फोन देणं सुरू होतं. त्यानंतर येतात लहानलहान चाचण्या: गाडीवर पुढे बसवणं, गुदगुल्या करणं, एखादा अश्लील विनोद, "हे आईला सांगू नको हं" असं एखादं क्षुल्लक गुपित. मूल गप्प राहिलं की पुढची पायरी. प्रत्यक्ष अत्याचार होईपर्यंत मुलाला वाटू लागलेलं असतं की यात आपणही सामील आहोत. घरचे ज्याचे आभार मानताना थकत नाहीत, त्याच्याविरुद्ध मूल बोलणार कसं?

यातली अर्धी लक्षणं तुमच्या अत्यंत प्रामाणिक स्वयंसेवकांतही दिसतील. लवकर येणारे, मुलांत रमणारे, अडीअडचणीला धावणारे लोक नसतील तर संडे स्कूल चालणारच नाही. म्हणून माणूस बघून तो चांगला की वाईट हे ओळखायचा प्रयत्न सोडून द्या. ते कुणालाच जमत नाही, मलाही नाही. मुलासोबत एकांत मिळू नये, मुलाशी गुपित राखता येऊ नये, आणि कितीही मोठा माणूस असला तरी त्याला विचारता यावं, अशी व्यवस्था करा. मग पाळकसाहेबांना ज्या संशयाची भीती वाटते तो कुणा एकावर घ्यावाच लागत नाही, कारण नियम सगळ्यांना सारखा असतो. पाळकांना, त्यांच्या मुलाला, तुम्हाला आणि मलासुद्धा.

सुरुवात जागेपासून करा. येत्या रविवारी उपासना चालू असताना कुणाला तरी सोबत घेऊन सगळं आवार फिरा, आणि फिरताना एकच प्रश्न मनात ठेवा: इथे एक मोठा माणूस आणि एक मूल दहा मिनिटं कुणाच्या नजरेस न पडता राहू शकतील का? एका जुन्या मिशन कम्पाउंडमधल्या चर्चमध्ये मी अशी फिरले, तेव्हा व्हेस्ट्रीच्या (पाळकांच्या तयारीच्या खोलीच्या) मागे एक खोली सापडली. हार्मोनियम, ढोलकी, ख्रिस्तजयंतीच्या नाटकाचे कपडे, मोडकी बाकं तिथे ठेवलेली. दाराला आतून कडी, खिडकीला वर्तमानपत्र चिकटवलेलं. किल्ली कुणाकडे असते, असं विचारलं तर तीन वेगवेगळी नावं आली. संडे स्कूल साडेदहाला सुटायचं आणि मोठ्यांची उपासना सव्वाअकराला संपायची. मधला पाऊण तास मुलं सगळ्या कम्पाउंडभर पांगलेली असायची आणि ती कुणाच्या ताब्यात आहेत हे कुणालाच ठाऊक नसायचं. सुधारणेला फार खर्च आला नाही. आतली कडी काढली, दारात काच बसवली, किल्ली एकाच व्यक्तीकडे दिली आणि तिची नोंद ठेवायला वही केली. पालक घ्यायला येईपर्यंत मुलं वर्गातच थांबतील असं ठरलं. कुरकुर झाली ती पालकांची, कारण उपासनेनंतर गप्पा मारत उभं राहण्याऐवजी आता आधी मुलाला घ्यायला यावं लागत होतं. महिनाभरात तेही अंगवळणी पडलं.

तुमच्या आवारातलं स्वच्छतागृह कुठे आहे ते नीट बघा. बऱ्याच जुन्या चर्चमध्ये ते इमारतीच्या मागे, झाडाखाली असतं. लहान मुलांना तिथे एकट्या मोठ्या माणसाने न्यायचं नाही. दोन-तीन मुलं एकत्र जातील, सोबतची व्यक्ती बाहेर, दुसऱ्या मोठ्या माणसाला दिसेल अशी उभी राहील. कपडे बदलायला मदत लागेल इतकं मूल लहान असेल तर ते काम आई-वडिलांचं. सीसीटीव्ही लावायचा तर आवारात आणि वऱ्हांड्यात लावा, पण फुटेज बघायला कुणी नसेल तर त्याच्या भरवशावर बाकीचे नियम सैल करू नका.

दुसरा नियम दोन मोठ्या माणसांचा. मुलांच्या कुठल्याही कार्यक्रमात किमान दोन प्रौढ हजर हवेत, शक्यतो एकाच घरातले नकोत. एक जण आला नाही तर वर्ग दुसऱ्या वर्गात मिसळा किंवा मोठ्यांच्या उपासनेत बसवा. कुणाशी एकट्याने बोलायचं असेल, प्रार्थना करायची असेल, तर ती उघड्या दारात, इतरांना दिसेल पण ऐकू जाणार नाही इतक्या अंतरावर. समुपदेशनासाठी मुलाला पाळकांच्या बंद खोलीत पाठवण्याची पद्धत असेल तर ती थांबवा. कॅथलिक धर्मग्रामांत वेदीसेवक मुलं (उपासनेत धर्मगुरूंना मदत करणारी) मिस्साच्या, म्हणजे उपासनेच्या, आधी आणि नंतर साक्रिस्तीत (धर्मगुरूंच्या तयारीच्या खोलीत) असतात, तिथेही हाच नियम लागू.

तरुण संघातल्या मदतनिसांबद्दल वेगळं सांगायला हवं. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी वर्ग सांभाळायला मदत करत असेल, तरी कायद्याच्या नजरेत १८ वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती बालक आहे. दोन प्रौढांच्या मोजणीत त्यांना धरू नका, आणि सुरक्षेचे नियम त्यांच्यासाठीही आहेत हे लक्षात ठेवा. क्वायरमधला (चर्चच्या गायनवृंदातला) बावीस-तेवीस वर्षांचा दादा आणि सोळा वर्षांची मुलगी यांचं "जमलं आहे" असं कानावर आलं की मंडळीत लगेच लग्नाची बोलणी सुरू होतात, हेही मी पाहिलं आहे. मुलीची संमती असली तरी पोक्सोखाली ती संमती धरली जात नाही. अशा वेळी त्या तरुणाला मुलांच्या कामातून बाजूला करून मुलीच्या पालकांशी बोलणं, आणि शारीरिक संबंध आल्याचं कळलं तर कायद्याने पुढे जाणं, याशिवाय दुसरा मार्ग नाही.

आता डिसेंबरकडे वळते, कारण वर्षातला सगळ्यात ढिला महिना तोच. कॅरल राउंड (नाताळची गाणी गाणारा गट) घरोघर फिरते, रात्रीचे बारा-एक वाजतात, मुलं कधी टेम्पोत, कधी कुणाच्या मोटरसायकलवर, कधी कारमध्ये. पोचवायची वेळ झाली की "मी सोडतो, माझ्या वाटेवर आहे" असं कुणीतरी म्हणतं आणि सगळ्यांना हायसं वाटतं. गाडीत पाच मुलं असतील तर चार उतरल्यावर पाचवं त्या माणसासोबत एकटं उरतं. हे शेवटचं मूल कोण, हा प्रश्न प्रत्येक फेरीच्या आधी सोडवा. गाडीत दोन प्रौढ असतील आणि शेवटच्या मुलाच्या घरापर्यंत दोघंही जातील. ते जमत नसेल तर मुलांना एकाच ठिकाणी आणून पालकांना तिथे बोलवा. बारा वर्षांखालच्या मुलांनी रात्री दहानंतर घरी असावं, असं मी प्रत्येक मंडळीला सांगते आणि प्रत्येक मंडळीत त्यावरून वाद होतो.

फोनचे नियम लिहून काढा. स्वयंसेवकाने मुलाला खासगी मेसेज करायचा नाही, इन्स्टाग्रामवर जोडून घ्यायचं नाही, रात्री गेम खेळायचा नाही. सूचना पालकांच्या ग्रुपवर जातील. मोठ्या मुलांचा वेगळा ग्रुप हवाच असेल तर त्यात दोन प्रौढ आणि शक्यतो एखादा पालकही असावा. मुलांचे फोटो स्वतःच्या फोनमध्ये साठवायचे नाहीत, नाव-गाव लिहून फेसबुकवर टाकायचे नाहीत. भेटवस्तू द्यायची तर संडे स्कूलच्या नावाने सगळ्यांना सारखी.

स्वयंसेवक निवडताना घाई नको. नवा आलेला माणूस सहा महिने तरी मंडळीत नियमित आल्याशिवाय मुलांमध्ये नको. साधा अर्ज भरून घ्या, ओळखपत्राची प्रत घ्या, दोघांनी बसून बोला, आणि आधीच्या मंडळीतल्या जबाबदार व्यक्तीला स्वतः फोन करा. शिफारसपत्रावर थांबू नका, कारण पत्रात सगळेच चांगले असतात. फोनवर एवढंच विचारा, "तुमच्याकडे परत आले तर त्यांना मुलांचं काम द्याल का?" समोरचा क्षणभर अडखळला तरी तुम्हाला पुढे काय विचारायचं ते कळतं. अत्याचाराची कुजबुज झाली की त्या माणसाला गुपचूप दुसरीकडे पाठवून देणं, हा जगभरच्या चर्चमधला जुना रोग आहे. अमेरिकेत बॉस्टन धर्मप्रांतातली अशी प्रकरणं २००२ मध्ये बाहेर आली, तेव्हा एका चर्चमधून दुसऱ्या चर्चमध्ये बदल्या होत गेलेल्या धर्मगुरूंची नावं त्यात होती. त्यानंतर कॅथलिक चर्चने नियम कडक केले. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये काढलेल्या आदेशानुसार धर्मगुरू आणि व्रतस्थांना (सिस्टर, ब्रदर) अशी माहिती वरिष्ठांना कळवणं बंधनकारक झालं. आपल्या स्वतंत्र मंडळ्यांत वरून असा आदेश द्यायला कुणीच नसतं, म्हणून आधीच्या मंडळीला केलेल्या त्या फोनला इथे जास्तच किंमत आहे.

पोलीस पडताळणीबद्दल कमिटीला समजावून सांगा. २०२० च्या पोक्सो नियमांनी मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या संस्थांवर कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी आणि वेळोवेळी प्रशिक्षण यांची जबाबदारी टाकली आहे. शाळा, पाळणाघरं, क्रीडा अकादम्या यांची नावं नियमात आहेत आणि पुढे "मुलांसाठीची इतर कुठलीही सुविधा" असंही म्हटलं आहे. नियमाची भाषा कर्मचाऱ्यांची असली तरी स्वयंसेवकांना त्यातून वगळायचं कारण मला दिसत नाही. मूल पगारी आणि बिनपगारी माणसांत फरक करत नाही. महाराष्ट्रात चारित्र्य पडताळणीचा अर्ज ऑनलाइन करता येतो. मात्र स्वच्छ दाखला म्हणजे त्या माणसावर गुन्हा नोंद नाही, एवढंच. बहुतेक मुलं बोलतच नाहीत, त्यामुळे बरेच गुन्हे नोंदलेच जात नाहीत. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत चार वर्षांच्या दोन मुलींवर अत्याचार केल्याचा आरोप झाला तो सफाईसाठी ठेवलेल्या कंत्राटी कामगारावर. चर्चचा शिपाई, माळी, साउंड सिस्टीमवाला, शिबिराच्या जागेचा रखवालदार यांचा विचार आपण करतच नाही. मुलांच्या जवळ येणारा प्रत्येक जण मोजणीत घ्या.

मुलांना शिकवायचं ते वयाप्रमाणे आणि साध्या शब्दांत. अवयवांची खरी नावं, अंतर्वस्त्राखालच्या भागाला कुणी हात लावायचा नाही आणि कुणी स्वतःच्याला लावायला सांगायचं नाही, नको असेल तर मिठी नाकारता येते, आणि मोठ्या माणसाने लपवायला सांगितलेली गोष्ट आवर्जून सांगायची. आपल्याकडे मुलांना "अंकलना नमस्कार कर, पापी दे" असं भरीस घातलं जातं. ते पालकांनी आधी थांबवायला हवं. पण याचा भार मुलावर टाकू नका. सात वर्षांचं मूल चाळिशीतल्या माणसाला अडवू शकत नाही. नाही म्हणता आलं नाही तरी चूक तुझी नाही, हे वाक्य प्रत्येक वेळी मुलांच्या कानावर गेलंच पाहिजे.

आता तुमचा दुसरा प्रश्न, मुलाने काही सांगितलं तर. मुलं सरळ येऊन सांगत नाहीत. वर्ग सुटल्यावर पिशवी भरत रेंगाळत म्हणतील, "टीचर, मला पुढच्या रविवारपासून गिटारला नाही यायचं." तुम्ही म्हणा, "बरं. काही झालंय का?" उत्तर येतं, "काही नाही." थांबा. वस्तू आवरत राहा, मुलाकडे रोखून बघू नका. मग कदाचित, "दादा चांगले नाहीत." तुम्ही म्हणा, "चांगले नाहीत म्हणजे कसे, सांगशील?" एवढंच. "त्याने तुला हात लावला का, कुठे लावला?" असे शब्द तुमच्याकडून जाऊ देऊ नका. पुढे न्यायालयात ते शिकवलेलं वाटू शकतं, आणि मूलही तुमच्या चेहऱ्यावरची भीती बघून गप्प होतं. "कुणाला सांगणार नाही ना?" असं मूल हमखास विचारतं. खोटं वचन देऊ नका. म्हणा, "तुला मदत करायला ज्यांना सांगावं लागेल, तेवढ्यांनाच सांगेन, आणि तुला विचारल्याशिवाय वर्गात कुणाला कळणार नाही." मुलावर विश्वास आहे आणि त्याची काही चूक नाही, हे स्पष्ट बोला. ते गेल्यावर लगेच कागद घ्या आणि मुलाने वापरलेले शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळेसह लिहून सही करा. घटना नुकतीच घडली असेल तर आंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका. मुलाला सरकारी किंवा खासगी कुठल्याही रुग्णालयात न्या. एफआयआर किंवा पोलिसांचं पत्र नाही म्हणून डॉक्टरांना उपचार नाकारता येत नाहीत.

त्यानंतर त्याच दिवशी पोलीस. पोक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. त्याच्या कलम १९ नुसार अत्याचार झाल्याचं समजलेल्या किंवा तशी भीती वाटलेल्या कुठल्याही व्यक्तीने विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवायचं असतं. कळवलं नाही तर कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. "मी पाळकांना सांगितलं होतं" म्हणून तुमची जबाबदारी संपत नाही. सद्भावनेने कळवणाऱ्यावर मात्र दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होऊ शकत नाही, हे घाबरलेल्या स्वयंसेवकांना नक्की सांगा. अडचण आली तर १०९८ ही मुलांची हेल्पलाइन आहे, तातडीला ११२. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेशाशिवाय घ्यावा असं कायदा सांगतो. कुणी मुलाला ठाण्यात ताटकळत ठेवत असेल तर ही तरतूद दाखवा. बालकल्याण समितीकडून कुटुंबाला सोबत करणारी सहायक व्यक्ती मागता येते, आणि महाराष्ट्रात अत्याचारपीडितांसाठीच्या सरकारी मनोधैर्य योजनेतून अर्थसाहाय्य मिळू शकतं. ही माहिती कुटुंबाला आपणहून द्या, कारण त्या दिवसांत ते काही विचारण्याच्या स्थितीत नसतात.

कमिटीने स्वतः चौकशी करायची नाही. इथे माझं म्हणणं फार ठाम आहे. आरोपीला बोलावून विचारणं, मुलाला आणि त्याला समोरासमोर बसवणं, वडीलधाऱ्यांनी प्रार्थना करून प्रकरण मिटवणं, यातल्या प्रत्येक गोष्टीने मुलाचं नुकसान होतं, पुरावा नष्ट होतो आणि आरोपी सावध होतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा इथल्या वसतिगृहातल्या मुलींच्या प्रकरणात, माहिती असून कळवलं नाही असा आरोप असलेल्या डॉक्टरवरचा गुन्हा उच्च न्यायालयाने रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२२ रोजी तो निर्णय फिरवला आणि माहिती असूनही न कळवणं हा गंभीर गुन्हा असल्याचं सांगितलं. बदलापूरमध्येही शाळेच्या विश्वस्तांवर न कळवल्याबद्दल गुन्हा नोंदला गेला. पाळकसाहेबांना आणि कमिटीला ही दोन प्रकरणं शांतपणे वाचून दाखवा. सोबत हेही सांगा की धार्मिक संस्थेच्या व्यवस्थापनातल्या किंवा सेवेतल्या माणसाने तिथल्या मुलावर केलेला अत्याचार, तसंच विश्वासाच्या किंवा अधिकाराच्या जागेवरच्या कुणीही केलेला अत्याचार, पोक्सोमध्ये जास्त गंभीर धरला आहे. बलात्काराच्या स्वरूपाचा असेल तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान शिक्षा २० वर्षं आहे.

मग येतो क्षमेचा मुद्दा. "त्याने पश्चात्ताप केला आहे, आपण क्षमा करायला शिकलो आहोत, मंडळीची साक्ष खराब होईल." हे मी श्रद्धाळू, सज्जन माणसांच्या तोंडून ऐकलं आहे आणि दर वेळी वाईट वाटलं आहे. क्षमा ज्याच्यावर अन्याय झाला त्याने, त्याच्या वेळेला करायची गोष्ट आहे. कमिटीने मुलाच्या वतीने ती देऊन टाकायची नसते, आणि क्षमा केली तरी पोलिसांना कळवण्याचं कर्तव्य उरतंच. पश्चात्ताप झालेल्या माणसालाही मुलांमध्ये परत काम मिळणार नाही, हे नियमांत लिहून ठेवा. तक्रार आल्याक्षणी त्याला मुलांच्या सगळ्या कामातून बाजूला करा. आरोप सिद्ध होईपर्यंत त्याला दोषी म्हणू नका, पण मुलांजवळही येऊ देऊ नका. जामिनावर सुटून तो उपासनेला येऊन बसला तर मुलाचं कुटुंब चर्चला यायचं बंद करतं, हे मी अनेकदा पाहिलं आहे. त्याने दुसऱ्या वेळेच्या उपासनेला जावं किंवा घरी प्रार्थना करावी, पण पीडित मुलाला आपलं चर्च सोडावं लागू नये. मुलाचं नाव, घर, वर्ग, काहीही वेदीवरून किंवा ग्रुपवर जाऊ देऊ नका. "त्या अमक्यांच्या मुलासाठी प्रार्थना" एवढ्यानेही ओळख उघड होते.

राहता राहिलं मे महिन्यातलं शिबिर. मुलं आणि मुली वेगळ्या खोल्यांत, प्रौढांची झोपायची जागा वेगळी पण जवळ, रात्री दोघांची पाळी, आंघोळीच्या वेळा ठरलेल्या, जागा आधी जाऊन पाहिलेली. ब्रिटनमधली एनएसपीसीसी ही बालसंरक्षण संस्था ९ ते १२ वर्षांच्या ८ मुलांमागे एक आणि त्याहून मोठ्या १० मुलांमागे एक प्रौढ सुचवते. निवासी शिबिरात मी त्यापेक्षा कमी प्रौढांवर तयार होत नाही. प्रत्येक पालकाकडे दोन फोन नंबर द्या, त्यातला एक मंडळीबाहेरच्या व्यक्तीचा असावा, म्हणजे आतल्या कुणाबद्दल तक्रार असली तरी सांगायला जागा राहील. मुलांना घरी फोन करायची मुभा रोज संध्याकाळी हवी. स्वयंसेवकांचे अर्ज, आधीच्या मंडळ्यांना केलेले फोन, पडताळणीचे अर्ज आणि एक दिवसाचं प्रशिक्षण हे सगळं एप्रिलच्या मध्यापर्यंत झालं नाही, तर रात्रीचा मुक्काम यंदा रद्द करा. दिवसाचं व्हीबीएस घ्या, संध्याकाळी पाच वाजता मुलं पालकांच्या हाती द्या, आणि शिबिर दिवाळीच्या सुट्टीत ठेवा.